पन्हळीशेजारची जागा

नोरहाम्न, १२ फेब्रुवारी

प्रिय गुन्वोर आत्या,

सरत्या हिवाळ्यात आपल्या गावात नेमकं काय सुंदर असतं? ऑफिसात मला हा प्रश्न लेखी विचारलाय, उत्तर दीडशे शब्दांत हवंय आणि मला ते येत नाही.

घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. कोणी गेलं असतं तर घरातल्या नियमाप्रमाणे फोन केला असता.

झालंय असं, की पाच वर्षं शिकून, घराण्यातली पहिली पदवी घेऊन, मी नगरपालिकेत एप्रिलअखेरपर्यंत हंगामी लागले. बाबांनी पोलाद कारखान्यातल्या सगळ्या जुन्या दोस्तांना केक खाऊ घातला, आणि त्यावर माझं नाव क्रीमने लिहून घेतलं होतं. आता माझ्या साहेबीणबाई फ्रेड्रिका यांना इथे 'शांतता केंद्र' उभारायचंय. राजधानीतून निधी मिळाला तर केंद्र होणार, आणि केंद्र झालं तर मी कायम होणार. निधीच्या अर्जात पहिलाच रकाना आहे: 'सरत्या हिवाळ्याचं शांत सौंदर्य'.

फ्रेड्रिका वाईट नाही. फक्त ती दक्षिणेतून आली ती नोव्हेंबरात, जेव्हा आपल्यालासुद्धा इथे आवडत नाही. इथली माणसं 'हो' म्हणायला श्वास आत ओढतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पहिला महिनाभर तिची समजूत होती की अख्ख्या नगरपालिकेला दमा आहे.

मी लिहिलं, की संध्याकाळी पाचच्या सुमाराला बर्फ निळा होतो. ती म्हणाली, "निळा नको गं. निळा शेजारच्या नगरपालिकेने घेतलाय."

मग बाबांना विचारलं. ते खिडकीबाहेर बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "उजेड असतो." भांडी घासून झाल्यावर पुन्हा आले आणि म्हणाले, "बरा असतो."

दीडशेपैकी चार शब्द झाले. उरलेले तू दे. आपल्या घरात बोलणारी तू एकटीच होतीस, तर तू स्पेनला जाऊन बसलीस.

तुझी,
हिलेवी

•

तोरेविएखा, २१ फेब्रुवारी

प्रिय पदवीधर,

पाच वर्षं शिकून शेवटी सातवी पास आत्यालाच विचारायचं होतं, तर आधीच विचारायचं. केकचा खर्च वाचला असता.

इथलं सौंदर्य विचारशील तर ते सकाळी आठला कामावर हजर असतं. रजा नाही, खाडा नाही. गच्चीत संत्र्याचं झाड आहे, समोर समुद्र आहे, आणि तो ओला आहे. तो बाराही महिने ओलाच असतो, त्यावरून चालत कुठे जाता येत नाही. शेजारीपाजारी सगळे आपलेच लोक. दिवसभर उन्हात बसून तिकडे किती थंडी पडली ते एकमेकांना वाचून दाखवतात. सुखाची कमाल आहे नुसती.

तिकडे सुंदर असं काही नसतं. लिहून घे.

मिठाच्या गोदामाची दक्षिणेकडची भिंत असते. जानेवारीभर तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मग एके दिवशी दुपारी छपराच्या पन्हळीतून एक थेंब पडतो. एकच. संध्याकाळपर्यंत तो गोठतो. दुसऱ्या दिवशी तिथे तीन माणसं येऊन उभी असतात, सहज म्हणून. भिंतीच्या लाल फळ्या तापल्या की डांबराचा वास सुटतो. आधी एक हातमोजा काढायचा, मग दुसरा. टोपी काढायची नाही, लोक नावं ठेवतात. डोळे मिटून तोंड वर करायचं. कॉफी संपेपर्यंत बोलायचं नाही, आणि कॉफी संपल्यावर बोलायला काही नसतं. दूर समुद्रात बर्फ कण्हतो, म्हाताऱ्या माणसाने कूस बदलावी तसा. आणि 'वसंत आला' असं कोणी, कधीही, म्हणायचं नाही. टॉर्स्टेन सुतार एकदा म्हणाला होता. त्या रात्री दाराच्या कडीपर्यंत बर्फ पडला. मार्चमध्ये लोक अजूनही त्याला नमस्कार करत नाहीत.

झाले असतील दीडशे. नसतील तर उरलेली जागा कोरी सोड. तीच शांतता.

गुन्वोर

ता. क. पन्हळीतून थेंब पडायला लागला का? सहज विचारते. मला काही त्याचं नाही.

•

नोरहाम्न, ४ मार्च

प्रिय आत्या,

तुझे शब्द जवळजवळ जसेच्या तसे पाठवले. खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या. फ्रेड्रिकाला वाटलं छपाईयंत्र बिघडलं. राजधानीतल्या लोकांनी मात्र त्या चार ओळींना 'धाडसी' म्हटलं आणि आठवड्याच्या आत निधी मंजूर केला. तुझ्या टॉर्स्टेन सुताराचं तिकडे फार कौतुक झालं म्हणतात. त्याला मी सांगितलं नाही.

पहिला थेंब मागच्या गुरुवारी पडला. बाबा घरी येऊन म्हणाले, "पडला." मी म्हटलं, "कोण पडलं?" तर माझ्याकडे असे बघत राहिले, की पदवी परत करावीशी वाटली.

बर्फावरचा रस्ता आता छान घट्ट झालाय. सकाळी बाबा पायाने ढकलायची घसरगाडी घेऊन पलीकडच्या बेटापर्यंत जाऊन येतात. कॉफीत बुडवायला चीजचे तुकडे खिशात घेऊन जातात आणि खिसा तसाच धुवायला टाकतात. पहाटे बर्फावर कडक पापुद्रा धरतो, तेव्हा मीसुद्धा जंगलातून सरळ चालत ऑफिसला जाते. पाय रुतत नाही. दहानंतर तीच वाट कमरेपर्यंत गिळते.

भिंतीशी सिक्स्टन काकांच्या बाकावर पन्हळीशेजारची तुझी जागा तशीच आहे. मागच्या आठवड्यात एक पाहुणा तिथे बसायला गेला. बाजूला बसलेल्या योर्डिसबाई नुसत्या खोकल्या. तो बिचारा सकाळभर उभा राहिला, आणि का उभे आहोत हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

केंद्र कुठे होणार म्हणून विचारशील, तर बंदराकडे कुठेतरी. अजून पक्कं नाही.

तुझी,
हिलेवी

•

तोरेविएखा, १४ मार्च

प्रिय बंदराकडे-कुठेतरी,

काल योर्डिसचं कार्ड आलं. माझ्या लग्नाला तिने कार्ड पाठवलं नव्हतं, सिक्स्टन गेला तेव्हाही नाही. तेव्हा मी आधी खुर्चीत बसले आणि मग वाचलं. पुरता मजकूर देते: 'भिंत जाते. काच येते. काम तुझ्या भाचीकडे. थंडी ठीक.'

म्हणजे गोदामाच्या दक्षिण भिंतीला काचेची खोली जडवणार, आत लोकांना तिकीट लावून बसवणार आणि काचेतून बाहेरचं काही ऐकू येत नाही म्हणून आत कर्ण्यातून बर्फाचा आवाज लावणार. मी शेजारच्या मुलाकडून तुमच्या नगरपालिकेचं संकेतस्थळ वाचून घेतलं, तेव्हा कळलं. चित्रसुद्धा आहे म्हणे. चित्रात एक बाई योगासन घालून बसली आहे. अगदी बरोबर, आपल्याकडे मार्चमध्ये बायका तेच करतात.

आणि हे सगळं माझ्या शब्दांच्या जोरावर. छान केलंस. गावात इतकी लिहिती माणसं असताना भिंत पाडायला तुला आत्याच हाताशी लागली.

तो बाक सिक्स्टनने जुन्या नावेच्या फळीतून केला. त्याच्या आधी तिथे नुसता एक ओंडका होता. त्या ओंडक्यावर तो दोन हिवाळे माझ्या शेजारी बसला, आणि तिसऱ्या हिवाळ्यात पहिलं वाक्य बोलला, "थोडं सरकता का?" तेवढ्यावर मी एकेचाळीस वर्षं संसार केला. तुझ्या अर्जात हे घालायचं राहिलं, नाही का?

माझी जागा राखा असं मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी परत येणार नाही हे ठरलेलं आहे. पण परत न येण्यासाठीसुद्धा माणसाला एक जागा लागते.

गुन्वोर

•

नोरहाम्न, २३ मार्च

प्रिय आत्या,

बोल, काय बोलायचं ते. मी लपवलं हे खरं आहे. चार तारखेला मला जागा ठाऊक होती. निधी आल्यावर कळली, पण तुला लिहिण्याआधी कळली होती. मला वाटलं, आधी हे थांबवते आणि मग तुला गंमत म्हणून सांगते.

मी फ्रेड्रिकाला स्पष्ट म्हटलं, की भिंत लोकांना हवी आहे. ती म्हणाली, "मग विचारू या ना लोकांना. त्यासाठीच तर लोकशाही आहे." आत्या, मला इतकं बरं वाटलं! विद्यापीठात आम्ही याच विषयावर सबंध वर्ष घालवलं होतं. मी वाचनालयाच्या सभागृहात सभा ठेवली, रविवारी अकरा वाजता. स्वतः पाट्या रंगवल्या, चाळीस माणसांची कॉफी केली, दालचिनीच्या पावांची मोठी परात आणली. तारीख ठरवली तेव्हा बाहेर हिमवादळ चालू होतं.

रविवारी आभाळ स्वच्छ, वारा शून्य, ऊन असं की बर्फाकडे बघवेना.

एकही माणूस आलं नाही. मी आणि फ्रेड्रिका दोघीच चाळीस खुर्च्यांसमोर बसलो होतो. दुपारी एकला बाबा आले, गाल लालबुंद. "कशी झाली सभा?"

"बाबा! तुम्ही तरी यायचं होतं!"

"ऊन होतं ना," बाबा म्हणाले आणि दोन पाव उचलले.

फ्रेड्रिकाने अहवालात लिहिलं: 'स्थानिक नागरिकांचा आक्षेप नाही.' ज्यांना भिंत हवी ते सगळे भिंतीशी होते म्हणून सभेला नव्हते, हे मी तिला समजावत होते, आणि समजावताना मलाच ते वेड्यासारखं वाटायला लागलं.

पुढचं ऐक. तिने भिंतीचे फोटो काढवले. बाक भरलेला, सहा-सात माणसं बाजूला उभी, आणि पन्हळीशेजारी एक जागा रिकामी. तीन दिवसांचे फोटो, तिन्ही दिवस तेच. निष्कर्ष असा: 'जागा उपलब्ध असतानाही नागरिक उभं राहणं पसंत करतात. सध्याचा बाक त्यांच्या गरजेचा नाही.'

मी म्हटलं, "ती माझ्या आत्याची जागा आहे."

"अच्छा. मग त्या येणार आहेत का?"

"नाही."

"मग?"

तिने अगदी सभ्यपणे विचारलं गं. मला उत्तर आलं नाही. या वर्षात हा दुसरा प्रश्न.

सात एप्रिलला समितीची बैठक आहे. त्यांच्यासमोर अहवाल माझ्या नावाने जायचा आहे, कारण मी इथली. माझं नाव खाली आलं की मेपासून मी कायम. बाबांनी जुन्या दोस्तांना आधीच सांगून टाकलंय. परवा योर्डिसबाईंनी भिंतीशी मला जागा करून दिली नाही. काही म्हणाल्या नाहीत, नुसत्या सरकल्या नाहीत.

आत्या, मी काय करू?

हिलेवी

•

तोरेविएखा, ३० मार्च

हिलेवी,

मला विचारू नकोस. 'सोड ती नोकरी' म्हणणाऱ्या म्हाताऱ्या खूप भेटतील, त्यांची पेन्शन चालू असते. माझीही आहे. पदवी तुझी, नाव तुझं, बापही तुझाच. तो कारखान्यातल्या दोस्तांपुढे फुशारकी मारतो त्याला निदान पंधरा-वीस वर्षांचं कारण आहे. तू पहिलीत असताना तो तुझी वही डब्यातून नेऊन दोस्तांना दाखवायचा.

पण तुझं पत्र वाचून एक गोष्ट कळली, ती सांगते. मला वाटत होतं, माझी जागा रिकामी ठेवून ते लोक माझा मान राखतायत. मलाही इथे बसून बरं वाटायचं, की बघा, दोन वर्षं झाली आणि अजून कोणाची हिंमत नाही. आता त्या रिकाम्या जागेचंच बोट धरून तुझी साहेबीण बाक उचलणार. मेलेल्या माणसाच्या जागेवरसुद्धा एखादा हिवाळा गेला की कोणीतरी बसतं, आणि मी तर धडधाकट आहे, रोज दोन संत्री खाते.

आणखी एक. ब्योर्येला, तुझ्या बापाला, सांगू नकोस. मला इथलं ऊन सोसत नाही. दुपारी मी इमारतीच्या मागे, उत्तरेकडच्या भिंतीला पाठ लावून सावलीत बसते. शेजारीण म्हणते, तिथे बघायला काय आहे? कचऱ्याचे डबे आहेत.

गुन्वोर

•

नोरहाम्न, ८ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र शनिवारी आलं. तीनदा वाचलं. मग भिंतीवर पाटी लावून आले: 'उद्या अकरा वाजता सभा. इथेच. बोलायची गरज नाही.'

रविवारी कॉफीचे थर्मास घसरगाडीवर बांधून नेले. सगळे होतेच, रोज असतात तसे. फ्रेड्रिकाला बोलावलं होतं. ती ऑफिसचं जाडजूड जाकीट घालून कोपऱ्यावर वाऱ्याच्या तोंडाशी उभी राहिली, कारण तिला तिथे उभं राहायचं नसतं हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, "ज्यांना भिंत आहे तशी हवी आहे, त्यांनी हलू नये."

कोणी हललं नाही. टॉर्स्टेन सुताराला शिंक येत होती, तीही त्याने दाबली.

मग मी ते केलं. तुला आधी विचारायला हवं होतं, पण पत्र जाऊन यायला दोन आठवडे, आणि यासाठी फोन करून तुला कोणी गेल्याची धास्ती कशाला द्यायची. मी सगळ्यांसमोर चालत गेले आणि पन्हळीशेजारी, तुझ्या जागेवर बसले.

योर्डिसबाई खोकल्या. मी बसून राहिले. त्या पुन्हा खोकल्या. मी म्हटलं, "आत्याला माहीत आहे." हे तेव्हा खोटं होतं. थोड्या वेळाने त्यांनी आपल्या थर्मासमधून मला कॉफी ओतली, अर्धाच कप.

फळी उबदार आहे गं. आणि त्या पन्हळीचा थेंब बरोबर मानेत पडतो. इतकी वर्षं हे कोणाला सांगितलं का नाहीस?

मग बाबांनी स्वतःची जागा फ्रेड्रिकाला दिली आणि उभे राहिले. ती बसली. तिने आधी एक हातमोजा काढला, मग दुसरा. मी शपथेवर सांगते, मी तिला शिकवलं नव्हतं. डोळे मिटून अर्धा तास बसली. मग एकदम, मोठ्या आनंदाने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अय्या, वसंत आला की!"

टॉर्स्टेन सुताराच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांनी त्याला जोडीदार मिळाली.

सोमवारी दाराच्या कडीपर्यंत बर्फ पडला. मंगळवारी फ्रेड्रिकाची गाडी बाबांनी फावड्याने मोकळी करून दिली, एक अक्षर न बोलता, आणि त्या न बोलण्याचा अर्थ या वेळी तिला कळला असावा, कारण गाडीत तिने माझी माफी मागितली. बर्फाबद्दल.

समितीपुढे मी फ्रेड्रिकाचा अहवाल ठेवला नाही. स्वतःचा ठेवला. त्यात लिहिलं: 'बाकावर रिकामी जागा नाही. उभ्या असलेल्यांना बसायला जागा हवी आहे, काच नको आहे. आक्षेप सगळ्यांचा. बोललं कोणी नाही.' अध्यक्ष आपल्याच गावचे. त्यांनी चष्म्यावरून फ्रेड्रिकाकडे बघून विचारलं, "हे असंच घडलं का?"

तिने तोंड उघडलं. मला वाटलं, आता भाषण करणार. तिने श्वास आत ओढला, तेवढाच.

अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

भिंत राहिली. अर्जात जागेचं नाव पक्कं होतं, त्यामुळे निधी परत गेला आणि माझं कायम होणंही त्याच्याबरोबर गेलं. एप्रिलअखेर टेबल आवरायचं. बाबांना सांगितलं तेव्हा मी रडले, खोटं कशाला बोलू. ते खिडकीबाहेर बघत राहिले. भांडी झाल्यावर आले आणि म्हणाले, "कायम झाली म्हणून सांगितलंय, ते मी परत घेणार नाही. कुठे, ते कोणी विचारलेलं नाही." आज सकाळी त्यांनी माझ्या नावाने एक जुनं रेनडिअरचं कातडं त्या फळीवर नेऊन टाकलं.

हे पत्र तिथेच बसून लिहितेय, म्हणून शाई दोन ठिकाणी पसरली आहे. तो थेंब आहे, मी नाही.

तू परत ये असं मी म्हणणार नाही. तुझं ठरलेलं आहे, आणि संत्री आहेत. फक्त कळवायचं होतं, की तुझी जागा आता रिकामी नाही, आणि तू आलीस तरी मी उठणार नाही. मघाशी मी योर्डिसबाईंना विचारलं, "थोडं सरकता का?" त्यांनी शेजारच्याला कोपर मारलं, त्याने पुढच्याला, असं करत बाकाच्या त्या टोकापर्यंत सगळे सरकले. मीही सरकले. पन्हळ आणि माझ्यामध्ये आता एक माणूस मावतं.

तुझी,
हिलेवी